प्रॅक्टिसला फटके, मॅचला स्ट्राइक-आउट: अवघड पिच लागत नाहीत तेव्हा नेमकं काय तपासायचं

सॉफ्टबॉलमधली ही तक्रार ठरलेली आहे. टीवर, म्हणजे बॉल ठेवायच्या उभ्या स्टँडवर, ठेवलेला बॉल मुलगी थेट कंपाउंडच्या भिंतीवर आपटते. सरांनी टॉस दिला की फटके खणखणीत. जिल्हा स्पर्धेतही निभावून जातं, कारण समोरच्या पिचरकडे, म्हणजे बॉल टाकणारीकडे, एकच सरळ पिच (टाकलेला बॉल) असतो आणि त्यातले निम्मे प्लेटच्या, म्हणजे बॅटरशेजारच्या पाटीच्या, बाहेर पडतात. पण पुढच्या फेरीत राइज (वर चढणारा), ड्रॉप (खाली पडणारा) आणि चेंजअप (फसवा, मंद) हातात असलेली पिचर उभी राहिली की तीन वेळा बॅट हवेत, म्हणजे तीन स्ट्राइक, आणि बाईसाहेब परत डगआउटमध्ये. मग पुन्हा पंधरा दिवस टीवर घाम गाळायचा, पुन्हा तशीच मॅच. मागचे पाढे पंचावन्न.

यावर मिळणारा नेहमीचा सल्ला म्हणजे, ‘अगं, बॉल बघून मार!’ जाळीबाहेरून आई-बाबा ओरडतात, डगआउटमधून ताई ओरडते, कधीकधी सरसुद्धा. बॉल ती बघतेच आहे हो. फक्त चुकीच्या वेळी आणि चुकीच्या जागी बघतेय. स्विंगला हात लावण्याआधी हे दुरुस्त केलं तर बहुतेक वेळा स्विंगला हात लावायची गरजच उरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

टप्प्याची सवय

पुण्यात सॉफ्टबॉलकडे येणारी मुलगी बहुधा आधी क्रिकेट खेळलेली असते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये भावाबरोबर, नाहीतर शाळेच्या मधल्या सुट्टीत. क्रिकेटमध्ये डोळ्याला एक सोय असते: टप्पा. बॉल पडतो, पडल्यावर त्याचं काय होणार ते कळतं, मग बॅट जाते. सॉफ्टबॉलमध्ये टप्पाच नाही, पण डोळ्यांची सवय काही जात नाही. बॉल प्लेटपासून दोनेक मीटरवर येईपर्यंत ते निकालाची वाट बघत बसतात, आणि तोवर खेळ संपलेला असतो.

हिशेब करून बघा. महिलांच्या गटात पिचिंग प्लेट होम प्लेटपासून 43 फुटांवर, म्हणजे 13.11 मीटरवर असते. पिचर पुढे झेपावून बॉल सोडते, त्यामुळे बॉलला प्रत्यक्षात साधारण साडेअकरा मीटरच कापायचे असतात. ताशी 90 किलोमीटरचा बॉल ते अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत पार करतो. क्रिकेटमध्ये जवळपास एवढाच वेळ मिळतो तो ताशी 140 किलोमीटरने टाकणाऱ्या गोलंदाजापुढे. त्यातून बॅट फिरायला लागणारा वेळ, साधारण दीड ते दोन दशांश सेकंद, वजा करा. उरलेल्या वेळात मारायचं की सोडायचं हे ठरायला हवं. म्हणजे बॉल अर्ध्या वाटेवर असतानाच निर्णय झालेला पाहिजे. नंतर जे दिसतं ते फक्त वाईट वाटून घेण्यासाठी.

आणि हे काही फक्त आपल्या मुलींचं दुखणं नाही. 2004 मध्ये एका प्रदर्शनीय सामन्यात अमेरिकेच्या जेनी फिंचने अल्बर्ट पुहोल्सला स्ट्राइक-आउट केलं होतं. पुहोल्स त्या काळातल्या बेसबॉलमधल्या सर्वांत भेदक बॅटर्सपैकी एक. पण त्याचा डोळा तयार झाला होता तो 60 फूट 6 इंचांवरून, खांद्याच्या वरून येणाऱ्या बॉलवर. मांडीजवळून सुटून वर चढत येणारा बॉल त्या डोळ्याने वाचलेलाच नव्हता. ताकद होती, स्विंग होता, उपयोग शून्य.

आधी निदान, मग औषध

‘मला लागत नाही’ हे निदान नव्हे. कसं लागत नाही? बॅट बॉलच्या खालून जाते की वरून? लवकर जाते की उशिरा? यातलं कुठलं उत्तर येतं त्यावर पुढचा सगळा उपाय ठरतो, आणि गंमत म्हणजे बॅटरला स्वतःला ते क्वचितच नीट सांगता येतं. चेंजअपवर दोन फूट आधी बॅट फिरवून आलेली मुलगी डगआउटमध्ये येऊन सांगते, ‘खूप फास्ट टाकतेय गं!’

म्हणून राखीव खेळाडूंपैकी एकीला वही देऊन कॅचरच्या मागे जाळीबाहेर बसवा. प्रत्येक स्विंगपुढे एकच अक्षर: खालून गेली तर ‘खा’, वरून ‘व’, लवकर ‘ल’, उशिरा ‘उ’. बॉलला लागलं पण फटका फुसका निघाला, तरी लिहायचं. वर उडालेला पॉप-अप म्हणजे ‘खा’, पायाजवळ आपटून शॉर्टस्टॉपकडे (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली फील्डर) घरंगळत गेलेला म्हणजे ‘व’. दोन-तीन मॅचमध्ये प्रत्येकीचं चित्र स्पष्ट होतं. मोबाइलवर शूटिंग करणार असाल तर तेही मागूनच, कॅचरच्या डोक्याच्या उंचीवरून करा. पालक हौसेने बाजूने शूटिंग करतात. त्यात स्विंग छान दिसतो, बॉल कुठून कुठे गेला ते काहीच दिसत नाही.

बॅट बॉलच्या खालून जाते

हा राइज. सगळ्यात जास्त बळी याचेच, म्हणून यावर जरा सविस्तर.

राइज शेवटच्या क्षणी उडी मारतो असं बॅटर शपथेवर सांगतात. उडी वगैरे काही नसते. पिचर बॉल खालून सोडते, तोही किंचित वरच्या दिशेने, आणि त्याला उलटी फिरकी देते. त्या फिरकीमुळे हवेचा आधार मिळतो आणि गुरुत्वाकर्षणाने जेवढा खाली यायला हवा तेवढा तो येत नाही. आपला मेंदू मात्र साध्या बॉलचाच हिशेब लावतो आणि बॅट त्या हिशेबाच्या जागी पाठवतो. बॉल त्या जागेच्या वर असतो. फसगत झाली ती अंदाजाची, आणि ती होते पहिल्या अर्ध्या वाटेत.

म्हणजे उपायही तिथेच. राइज कुठे पोचणार हे बघायचं नाही, तो कुठून निघाला ते बघायचं. सोपी खूण: हातातून सुटल्यावर पहिल्या तीन-चार मीटरांत बॉल आपल्या कमरेच्या पट्ट्याच्या उंचीला आलेला दिसला, तर तो प्लेटवर गळ्यापाशी असणार. सोडा. मांडीच्या उंचीवर असेल तर तो मारण्याजोगा आहे. ही खूण प्रत्येक पिचरसाठी थोडी वर-खाली सरकते. उंच पिचर वेगळी, खूप वाकून टाकणारी वेगळी. म्हणून पहिल्या इनिंगमध्ये डगआउटमध्ये वेफर्स खात बसण्याऐवजी एवढंच बघायचं: जो राइज अंपायरने स्ट्राइक दिला तो कुठून निघाला होता, आणि जो डोक्यावरून गेला तो कुठून.

शालेय स्तरावर राइज टाकणाऱ्या मुलींचा राइज स्ट्राइक झोनमध्ये, म्हणजे प्लेटवरच्या ज्या पट्ट्यातून गेलेला बॉल सोडला तरी स्ट्राइक धरतात त्यात, क्वचितच राहतो. तो बनलेलाच असतो बॅटरला वर खेचायला. अशा बॉलच्या मागे बॅट घेऊन धावणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. दोन बॅटरनी ओळीने सोडून दाखवला की पिचरला खाली यावं लागतं, आणि खाली आली की ती साधी पिचर होते. पण हे एकीने करून भागत नाही, पूर्ण टीमने ठरवून करावं लागतं. पहिल्या तिघींनी सोडला आणि चौथीने खांद्यावरचा बॉल मारायला जाऊन पॉप-अप दिला, की पिचरचा जीव पुन्हा भांड्यात पडतो.

आता मारायचाच ठरला तर. क्रिकेटमधून आलेल्या मुलींचा मागचा खांदा पडतो, बॅटचं तोंड आधी खाली जातं आणि मग वर येतं. सरळ बॅटने खेळायची ती सवय. साध्या पिचवर ती खपून जाते, राइजवर नाही. हात खांद्याच्या उंचीला ठेवायचे, बॅट तिथून थेट बॉलकडे न्यायची आणि बॉलचा वरचा अर्धा भाग हेरायचा. ‘बॉलच्या डोक्यावर मार’ एवढंच सांगितलं तरी मुलींना पटकन समजतं. वर चढणाऱ्या बॉलला खालून वर जाणाऱ्या बॅटने गाठायला गेलं तर जमला तर होम रन, नाहीतर कॅचरच्या मास्कसमोर उंच सरळ झेल. आपल्याकडे दुसरंच जास्त होतं.

बॅटर्स बॉक्समध्ये, म्हणजे बॅटरसाठी आखलेल्या चौकटीत, कुठे उभं राहायचं यावर मतं वेगवेगळी आहेत. काही जण म्हणतात मागे उभं राहा, राइज आपोआप झोनच्या वर निघून जाईल. यात एक मेख आहे. अंपायर झोन मोजतो तो प्लेटवर, तुम्ही उभ्या आहात तिथे नव्हे. तुम्ही मागे आहात म्हणून बॉल तुम्हाला खांद्याशी दिसला, पण प्लेटवरून जाताना तो छातीखाली होता. तुम्ही सोडला आणि अंपायरने हात वर केला. मग अंपायरच्या नावाने ओरडा सुरू. पिचर खरंच वेगवान असेल तर वेळ मिळावा म्हणून मागे सरका, पण मग खूणही एक वीत वर घ्या. वेग बेताचा असेल तर मी पुढेच उभं करते, राइज पुरता चढायच्या आत मारायला.

बॅट बॉलच्या वरून जाते

हा ड्रॉप. याला पुढची फिरकी असते, त्यामुळे साध्या बॉलपेक्षा जास्त आणि उशिरा खाली येतो. वहीत ‘व’ भरलेले दिसतील, आणि पुढ्यात आपटलेले ग्राउंडर.

इथे मात्र पुढे सरकणं हा निर्विवाद उपाय आहे. बॅटर्स बॉक्स 7 फूट लांब असतो आणि त्यातले 4 फूट प्लेटच्या मध्यरेषेच्या पुढे. आपल्या मुली सवयीने शेवटच्या फुटात उभ्या असतात. तीन फूट पुढे आलं तर वेळ कमी होतो तो सेकंदाच्या सुमारे चार शतांश भागाइतकाच. त्या बदल्यात बॉल पुरता पडायच्या आत भेटतो. पाय मात्र रेषेवर किंवा आतच हवा. पूर्ण पाऊल रेषेबाहेर टेकलेलं असताना बॉलला बॅट लागली तर बॅटर आउट.

सोडायची खूण राइजच्या बरोबर उलट. गुडघ्याच्या उंचीने निघालेला ड्रॉप कॅचरच्या ग्लव्हजपर्यंत मातीत असणार, त्याला हात लावायचा नाही. कमरेच्या उंचीने निघाला तरच तो मारायचा. वाकायचं ते गुडघ्यातून, कमरेतून नाही, नाहीतर डोळ्यांची पातळीच बदलते आणि वाचलेलं सगळं वाया जातं. खेचून मारायला जाऊ नका. पिचरच्या पायाशी किंवा सेकंड बेसच्या बाजूला मारा.

राइज आणि ड्रॉप दोन्ही असलेली पिचर असेल तर? तर गंमत आहे खरी. कमरेच्या उंचीने निघालेला बॉल राइज असेल तर सोडायचा आणि ड्रॉप असेल तर मारायचा, आणि ठरवायला वेळ नाही. फिरकी वाचता आली तर प्रश्नच मिटला: पिवळ्या बॉलवरची लाल शिवण तुमच्याकडे गडगडत येताना दिसते की पाठीमागे. पण हे जमायला वर्षं लागतात. तोवर एक निवडा. दोन स्ट्राइक होईपर्यंत फक्त मांडी ते कंबर या पट्ट्यातल्या पिचची वाट बघायची आणि दुसऱ्याच्या वाटेला जायचं नाही. अर्धी दुकानं बंद करून एकाच दुकानात गिऱ्हाइकाची वाट बघणं पिचरला जास्त त्रास देतं.

बॅट वेळेआधी जाऊन बसते

चेंजअप. पुढचा पाय पडला, कंबर फिरली, बॅट खांद्यावर गेली, आणि बॉल अजून वाटेतच. मैदानभर पोपट होतो, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात नक्कल होते ती वेगळीच.

चांगल्या पिचरचा हात साध्या पिचइतक्याच वेगाने फिरतो, म्हणून हाताच्या वेगावरून काही कळत नाही. पण आपल्याकडच्या बऱ्याच पिचर लहानसहान खुणा देऊन जातात. काहींचा बॉल ग्लव्हजमध्ये घेताना हात जास्त खोल जातो, कारण पकड बदलायची असते. काहींची झेप चेंजअपला आखूड पडते. उलट्या हाताने सोडणाऱ्यांच्या तळव्याची मागची बाजू बॅटरकडे येते, आणि बॉल हातातून सुटताना एक क्षण वर उचलल्यासारखा दिसतो. या खुणा बॅटिंग करताना शोधायच्या नाहीत, ऑन-डेकवर, म्हणजे पुढच्या बॅटरने थांबायच्या जागी, उभं असताना शोधायच्या. तिथे उभं राहून नुसती बॅट फिरवत राहणं म्हणजे फुकट गेलेली जागा आहे. प्रत्येक पिचला पाय टाकून टायमिंग घ्या आणि हाताकडे बघा.

दोन स्ट्राइक व्हायच्या आधी चेंजअप आला तर सरळ सोडा. एक स्ट्राइक गेला तर गेला. वेगवान पिचची वाट बघत असताना मध्येच चेंजअपशी जुळवून घ्यायला गेलं की पुढचा वेगवान पिचही हातचा जातो.

दोन स्ट्राइक झाल्यावर मात्र वजन मागच्या पायावर जास्त वेळ ठेवावं लागतं. पाय लवकर टाकला तरी चालेल, हात मागे राहिले पाहिजेत. पाय गेला आणि हात राहिले तर फाउल (रेषेबाहेरचा फटका) तरी काढता येतो. दोन्ही एकदम गेले की संपलं. सरावात एक साधी गोष्ट करून बघा: टॉस देणाऱ्याने कधी लगेच, कधी हात पूर्ण फिरवून एक क्षण थांबवून बॉल सोडायचा. पाय टाकून हात मागे धरून उभं राहायला मुली सुरुवातीला हसतात, तोल जातो. आठवडाभरात बसतं.

आत येणारे, बाहेर जाणारे

कर्व्ह आणि स्क्रू. उजव्या हाताने खेळणारीसाठी कर्व्ह बाहेर पळतो, स्क्रू अंगावर येतो. कर्व्हसाठी प्लेटच्या जवळ उभं राहा, बॉल आत येऊ द्या आणि राइट फील्डकडे मारा. स्क्रूसाठी थोडं लांब, पुढचा पाय जरा उघडा, कोपर अंगाला. पिचर एकच टाकत असेल तर एवढं पुरतं. दोन्ही टाकत असेल तर मध्ये उभं राहून त्यातला एक निवडा, राइज-ड्रॉपसारखंच.

पिचर दमेल या आशेवर

‘फाउल मारत राहा, दमेल ती.’ बेसबॉलमधून आलेला हा सल्ला इथे फारसा चालत नाही. खालून टाकण्याची क्रिया वरून टाकण्याच्या मानाने जास्त वेळ रेटता येते. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनोने दोन दिवसांत तीन सामने मिळून 413 पिच टाकले आणि शेवटच्या सामन्यात अमेरिकेला हरवून सुवर्णपदक नेलं. तेव्हा जास्त पिच बघायचे ते तिला दमवायला नाही, आपला डोळा बसवायला. नवव्या बॅटरला पहिलीपेक्षा सोपं जायला हवं, आणि त्यासाठी आउट होऊन आलेल्या प्रत्येकीने काहीतरी कामाचं सांगायला हवं.

‘फास्ट आहे गं’ हे कामाचं नाही. ‘राइज पट्ट्यापासून निघाला तर वर जातोय, पहिला पिच बाहेर टाकते, अंपायर वरचा देत नाहीये’ हे कामाचं. नियमपुस्तकात झोन कसाही लिहिलेला असो, आज मागे उभे असलेले सर वर कुठपर्यंत स्ट्राइक देतात तेच आजचं खरं.

बंटबद्दल, म्हणजे बॅट न फिरवता बॉल नुसता हलकेच अडवण्याबद्दल, एकच. राइजवर बंट करताना बॅट झोनच्या वरच्या टोकाला आडवी धरा आणि खाली जायचं तर गुडघ्यातून जा. बॅट खालून वर नेली की छोटा पॉप-अप ठरलेला. आणि दोन स्ट्राइकवर बंट फाउल गेला तर आउट, हे माहीत असूनही दर स्पर्धेत कुणीतरी विसरतंच.

मैदानच आड येतं तेव्हा

या गोष्टीकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. क्रिकेटमध्ये बॉल गोलंदाजाच्या डोक्यावरून सुटतो, म्हणून मागे उंच साइटस्क्रीन. सॉफ्टबॉलचा बॉल सुटतो मांडीपाशी. म्हणजे बॅटरच्या नजरेला पार्श्वभूमी लागते ती जमिनीपासून चार-पाच फुटांची. आता आपल्या मैदानांवर त्या उंचीवर काय असतं ते आठवा. कंपाउंडला टेकवलेल्या दुचाकी, त्यांच्या सीटवर बसलेले पालक, पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची भिंत, भेळेची गाडी. पिवळा बॉल पिवळ्या भिंतीसमोरून सुटला तर पहिले तीन मीटर तो दिसतच नाही, आणि आपली सगळी मदार तर त्या तीन मीटरांवर.

घरच्या मैदानावर यावर उपाय आहे. रोपवाटिकेवर टाकतात ते हिरवं शेडनेट पिचरच्या मागे, आउटफील्डच्या भिंतीला माणूसभर उंचीचं बांधा आणि दुचाकी तिथून हलवा. पालक कुरकुर करतील, सावली तिथेच असते म्हणून. बाहेरच्या मैदानावर काही हलवता येत नाही, पण निदान वॉर्मअपच्या वेळी बॅटर्स बॉक्समध्ये उभं राहून मागे काय आहे ते बघून ठेवता येतं.

डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि शेवटचे सामने नेमके त्याच वेळेत रेंगाळतात. अशा उजेडात शिवण वाचायचा नाद सोडा. फक्त उंची वाचा.

बॅट

शाळेच्या किटमधली बॅट बहुधा सगळ्यांत मोठ्या मुलीच्या मापाची असते. 34 इंचांची जड बॅट सातवीतली मुलगी उचलते आणि साध्या पिचवर तिचं चालूनही जातं. अवघड पिचवर मात्र नाकापेक्षा मोती जड. निर्णय वेळेत होऊनही बॅट पोचत नाही, म्हणून मुलगी निर्णय आधीच घेऊन टाकते, आणि तिथूनच सगळी फसगत सुरू होते. वहीत ‘उ’ जास्त असतील तर आधी बॅट बदला, नाहीतर मूठ दोन बोटं वर धरा. हात पुढे सरळ करून एका हाताने बॅट आडवी धरायला लावा. दहा-पंधरा सेकंदांत टोक खाली यायला लागलं तर ती बॅट तिची नाही.

पिचर नसताना सराव कसा करायचा

खरी अडचण इथे आहे. आपल्याकडे राइज टाकणाऱ्या मुली मोजक्या, आणि ज्या आहेत त्या दुसऱ्या टीममध्ये. मशीन असलं तरी बॉल त्याच्या तोंडातून निघतो, हातातून नाही, त्यामुळे वाचायला काहीच नसतं.

सर्वांत उपयोगी सराव बिनबॅटचा आहे. तुमची स्वतःची पिचर, कशीही असो, रोज कॅचरला बॉल टाकतेच. त्या वेळी हेल्मेट घालून एकेक बॅटर बॉक्समध्ये उभी करा. हातात बॅट द्यायची नाही. बॉल सुटला की अर्ध्या वाटेच्या आत मोठ्याने ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. कॅचरने खरं काय ते सांगायचं. पहिल्या दिवशी ‘हो’ बॉल ग्लव्हजमध्ये गेल्यावर ऐकू येतो. तिथेच दुखणं कळतं. पिचरलाही बॅटरसमोर टाकायचा सराव होतो, तो वेगळा फायदा. रोज वीस-वीस पिच पुरेत.

नजर कुठे ठेवायची तेही इथेच शिकवा. पिचर हात फिरवत असताना तिच्या हाताच्या वर्तुळाबरोबर डोळे गरगर फिरवायचे नाहीत. तोवर जर्सीवरच्या नंबराकडे सैल नजर. हात खाली आला की नजर मांडीच्या बाजूला, बॉल जिथे उगवणार त्या खिडकीवर घट्ट.

दुसरा सराव जवळून टॉसचा. जाळीमागे, बॅटरपासून सहा मीटरांवर बसून ताशी 45 ते 50 किलोमीटरने टाकलेला बॉल बॅटरपाशी पोचायला साधारण तेवढाच वेळ घेतो, जेवढा मॅचमधला 90 चा. टाकणाऱ्याने उभं राहायचं नाही. पाटावर किंवा छोट्या स्टुलावर बसायचं, म्हणजे बॉल खालून वर चढत जाईल आणि राइजच्या कोनाची सवय होईल. उभं राहून टाकलेला टॉस वरून खाली येतो, आणि वर्षभर तसेच टॉस मारून मुली राइजपुढे उभ्या राहतात. मग आश्चर्य कसलं?

शटलकॉकचाही प्रयोग करून बघा. बॅडमिंटन हॉलबाहेर पिसं तुटलेली शटल पिशव्या भरभरून टाकून देतात, मागितली तर आनंदाने देतात. जोरात टाकलेलं शटल आधी वेगात येतं आणि एकदम मंदावतं, म्हणून चेंजअपसाठी हात मागे ठेवायचा सराव छान होतो. पावसाळ्यात मैदान चिखलाचं झालं की शाळेच्या हॉलमध्ये हेच करता येतं, काच फुटायची भीती नाही.

तरीही फरक पडत नसेल तर

निदान झालं, खुणा पाठ झाल्या, ‘हो-नाही’ वेळेत यायला लागलं, आणि तरी एखादी मुलगी सतत उशिराच असेल तर तिचे डोळे तपासून घ्या. फळ्यावरचं दिसतं म्हणून घरचे निर्धास्त असतात. आणि ज्यांना नंबर आहे त्यातल्या कितीतरी जणी चष्मा हेल्मेटच्या जाळीत अडकतो म्हणून बॅगेत ठेवून बॅटिंगला जातात. सरांना सांगत नाहीत. विचारल्याशिवाय कळत नाही, म्हणून विचारा. मागून आवळायचा पट्टा असलेला खेळाचा चष्मा मिळतो. मोठ्या मुलींसाठी डॉक्टरांना विचारून कॉन्टॅक्ट लेन्सचा पर्याय आहे. पण धुळीच्या मैदानावर लेन्स घालणार असाल तर जादा जोडी आणि तिचं सोल्यूशन किटमध्ये ठेवा.